फुप्फुसावरचं लॅगिंग

साल २००१. माझं वय सत्तावन्न. त्या वर्षी मी एका डॉक्टरीणबाईंना त्यांच्याच दवाखान्यात सांगितलं, की बाई, हे मला ओळखू येतंय. शाळा माझी तिसरीपर्यंत. पण ओळखलं ते बरोबर निघालं. कसं ओळखलं, आणि त्याआधी सहा महिने का बोललो नाही, अशा दोन गोष्टी सांगायच्या आहेत. पहिलीचा मला अभिमान आहे. दुसरीसाठी हा कागद काळा करतोय.

धंदा लॅगिंगचा. बाहेरच्या माणसाला हे काम माहीत नसतं. बॉयलरची वाफ पायपातून कारखानाभर फिरते. पाइप उघडा ठेवला तर वाफ वाटेतच थंड होते, आणि कुणाचा हात लागला तर कातडी पायपालाच राहते. म्हणून पायपाला कपडे घालायचे. आधी ॲस्बेस्टॉसचा पांढरा दोर गुंडाळायचा, कडेला कड लावून, मध्ये नख शिरता कामा नये. त्यावर ॲस्बेस्टॉसची पूड घमेल्यात पाण्यानं कालवून हातानं लेप द्यायचा. वाळला की दुसरा. मग तारेची जाळी, परत लेप, आणि वरून कापडाची पट्टी. नीट केलेल्या लॅगिंगवर तळहात ठेवून बघा. आत वाफ उकळतेय आणि बाहेर मांजराच्या पाठीइतकं कोमट. वाकडं काम मला लांबूनच दिसतं. एवढासा फुगवटा असला तरी डोळ्यात खुपतो.

साखर कारखान्याचं गाळप उन्हाळ्यात संपलं की खरं काम सुरू. जुनं लॅगिंग हातोडीनं फोडून काढायचं. त्या धुळीत जोडीदार दिसत नसे, खोकल्यावरून ओळखायचा. मुकादम सकाळी गुळाचा खडा हातावर ठेवायचा. म्हणायचा, "चघळत राहा, धूळ उतरते." तोंडाला रुमाल बांधायचा आणि रुमालाआड गूळ चघळायचा. आमची सगळ्यांची त्या गुळावर देवासारखी श्रद्धा. ज्या दिवशी गूळ नाही, त्या दिवशी मी कामाला हात लावत नसे. एकदा दोन तास गुळासाठी काम बंद पाडलं होतं, एवढा मी अडेल.

माझा जोडीदार दगू, माझ्यासारखाच सिन्नरचा. लॅगिंगला जोडीदार लागतोच. दोराचं भेंडोळं मी पायपाखालून सरकवायचं, त्यानं पलीकडून वर घेऊन माझ्याकडे द्यायचं. तेहतीस वर्षं आम्ही पायपाच्या दोन बाजूंना उभे होतो. निफाडकडचे कारखाने केले, सिन्नरच्या एमआयडीसीतले बॉयलर केले. बोलणं माझ्याकडे, ऐकणं त्याच्याकडे. मुकादमाशी भांडण, सुट्टी मागणं, एसटीत जागा धरणं हे माझं. त्याला कुणी काही विचारलं तर तो माझ्याकडे बघायचा. "रंगाभाऊ सांगंल ना," एवढं म्हणायचा.

आता माझ्या गर्वाची गोष्ट. कारखान्यात फिटर म्हणजे मोठा माणूस. आम्ही लॅगर म्हणजे पांढरी भुतं. डोक्यापासून पायापर्यंत पीठ उडाल्यासारखे दिसायचो, म्हणून कॅन्टीनवाला आत घेत नसे. भिंतीशी उकिडवं बसून चहा प्यायचा. ते मला लागायचं. म्हणून कारखान्याच्या गेटबाहेर पडलो की मी फिटर. लग्नात, दशक्रियेला, सोयरीक जुळवताना, कुठंही विचारा. "बॉयलर फिटर. दोघंही." हे इतकी वर्षं बोललो की खोटं बोलतोय हेच विसरलो.

दगूला धाप लागायला लागली ती त्या वर्षीच्या सुरुवातीला. जिना चढताना आधी, मग सपाटीवर. गावातल्या डॉक्टरांनी फोटो काढला. डाव्या छातीत पाणी. दगूला स्टुलावर बसवून, पुढं उशीवर वाकवून, पाठीतून सुईनं दीड बाटली पाणी काढलं. लालसर, बिटाच्या पाण्यासारखं. मी शेजारीच उभा. बाटली उजेडात धरून बघितली, तर कंपाउंडर ओरडला, "ओ काका, शरबत नाय ते!"

डॉक्टरांनी विचारलं, "काम काय करतात हे?"

दगूनं माझ्याकडे बघितलं.

"बॉयलर फिटर," मी म्हणालो.

"धुळीबिळीत काम असतं का?"

"छे! फिटरला कसली धूळ?"

हे माझे शब्द. डॉक्टरांनी बरोबरच विचारलं होतं. आपल्याकडे छातीत पाणी म्हणजे बहुतेक वेळा टीबीच असतो, म्हणून टीबीच्या गोळ्या सुरू झाल्या. लघवी केशरी व्हायची, खाल्लेलं पोटात ठरत नसे. आणि घरात तारावहिनींनी, म्हणजे दगूच्या बायकोनं, त्याचं ताट वेगळं केलं. डॉक्टरांनी तसं काही सांगितलं नव्हतं, पण टीबी म्हटलं की आपल्या घरांत न सांगता होतं ते. त्याचा स्टीलचा पेला बाकीच्या पेल्यांत मिसळू नये म्हणून पेल्याच्या काठाखाली लाल दोरा गुंडाळला. पेला खिडकीत, फळीवर नाही. चार वर्षांची नात होती, पिंकी, आजोबांशिवाय जिचा घास उतरत नसे. तिला उंबऱ्यापलीकडेच थांबायचं शिकवलं. ती उंबऱ्यावर बसून विचारायची, "आजोबा, टीबी गेला का?" तो तिथूनच सांगायचा, "निघालाय. स्टँडवर बसलाय, गाडी नाय मिळाली अजून."

पुढं अजून एकदा पाणी काढलं. मग जून-जुलैत एक नवल झालं. फोटोत पाणी कमी दिसायला लागलं. वहिनींनी आळीभर पेढे वाटले. पण दगूची धाप कमी होईना. रात्री अंथरूण भिजेल एवढा घाम यायचा, आणि डावी बरगडी दुखते म्हणून तो त्या कुशीवर झोपेना.

मी पेढा खाल्ला आणि दगूकडे बघत बसलो. काहीतरी वाकडं दिसत होतं. त्याचा शर्ट डाव्या खांद्यावरून घसरत होता. मी म्हणालो, "उभा राहा जरा." तो उभा राहिला. डावा खांदा खाली आलेला. श्वास घेतला की उजवी छाती फुगायची, डावी जागची हलायची नाही. पाणी कमी झालं तर छाती मोकळी व्हायला पाहिजे. ही तर आवळल्यासारखी झाली होती.

"वहिनी, हे बरं होणं नाही," मी म्हणालो.

"भावजी, तुमची जीभ आवरा," त्या म्हणाल्या. "पेढ्याच्या तोंडी असं बोलू नये."

पण मी एकदा धरलं की सोडत नाही. तिसऱ्या दिवशी दगूला जीपमध्ये पुढच्या सीटवर बसवून नाशिकला गंगापूर रोडवर छातीच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. पन्नाशीच्या आतल्या होत्या, बोलणं हळू, विचारणं फार. त्यांनीही तेच विचारलं, काम काय? मी तेच सांगितलं, बॉयलर फिटर. त्यांनी लिहून घेतलं. सीटीस्कॅन करून आणायला सांगितला.

दुपारनंतर फिल्म आली. दगू बाहेर बाकावर टेकला होता, मी एकटा आत. बाईंनी फिल्म उजेडाच्या पेटीवर लावली. आडवे काप असतात, भाकरीच्या चवडीतली एकेक भाकरी काढून दाखवावी तसे. उजवं फुप्फुस काळंभोर, मोकळं. डावं आक्रसून मध्ये बसलेलं, आणि त्याच्याभोवती सगळीकडून पांढरा जाड थर. कुठं बोटभर, कुठं दोन बोटं. खाचेतसुद्धा शिरलेला, कुठं फुगवटा, कुठं गाठ. असलं गचाळ काम माझ्या हाताखालच्या माणसानं केलं असतं तर मी फोडायला लावलं असतं.

तोंडातून निघूनच गेलं, "बाई, हे तर लॅगिंग आहे."

बाईंनी मान वळवली. "काय म्हणालात?"

"लॅगिंग. पायपाला ॲस्बेस्टॉस गुंडाळतात, लेप देतात ते. अगदी तसंच."

"तुम्हाला कसं माहीत?"

"आम्ही तेच करतो ना. तेहतीस वर्षं."

बाईंनी त्यांचा कागद बघितला. "इथं तर फिटर लिहिलंय, काका."

मी जमिनीकडे बघत सगळं सांगितलं. दोर, पूड, हातोडी, रुमाल, गूळ. बाई लिहीत होत्या. मध्येच विचारलं, "कपडे घरी कोण धुवायचं?" म्हटलं, बायका. आधी अंगणात झटकायच्या, मग धुवायच्या. त्यावर त्या म्हणाल्या, त्यांचेही फोटो काढून घ्या. पुढं काढले. दोघींचे साफ निघाले, देवाची कृपा.

बाईंनी बरगड्यांमधून सुई घालून त्या थराचा छोटा तुकडा काढून मुंबईला तपासायला पाठवला. रिपोर्ट यायला पंधरा-वीस दिवस लागले. तो आणायला मी एकटाच गेलो, दगूचा मुलगा पाळीवर होता. बाई म्हणाल्या, "तुम्ही सख्खे भाऊ का?" मी म्हणालो, "सख्खे असतो तर कधीच वेगळे निघालो असतो."

रोगाचं नाव त्यांनी सांगितलं, मेसोथेलिओमा. मी चार वेळा म्हणून घेतलं. आणि मग विचारत सुटलो. मला यंत्र उघडून बघितल्याशिवाय चैन पडत नाही, तिथं माझ्या जोडीदाराची छाती होती. बाईही अशा, की बाहेर पेशंट खोळंबलेत तरी कागद घेऊन चित्र काढायला बसल्या.

फुप्फुसाला दोन पातळ पापुद्रे असतात. एक फुप्फुसाला चिकटलेला, एक बरगड्यांच्या आतून. मध्ये थेंबभर ओल, म्हणजे श्वासाला घासत नाही. ॲस्बेस्टॉसचा धागा डोळ्याला न दिसणारा, सुईसारखा. श्वासाबरोबर जातो, त्या पापुद्र्यापर्यंत पोचतो आणि बसून राहतो. वीस वर्षं, तीस वर्षं, चाळीस वर्षं. मग कधीतरी तिथं कॅन्सर उठतो.

"मग बाई, तो गूळ?"

"गूळ पोटात जातो, काका. धूळ छातीत."

एका वाक्यात माझी तेहतीस वर्षांची श्रद्धा गेली.

"आणि बिडी मी ओढतो. त्यानं जन्मात ओढली नाही. मग त्याला का?"

"या रोगाचं बिडीशी फारसं नातं नाही. एकाच धुळीतल्या दोघांपैकी एकाला का होतो आणि दुसऱ्याला का नाही, ते अजून कुणालाच नीट कळलेलं नाही. बिडी मात्र सोडा."

मग पायऱ्या सांगितल्या. पहिल्या पायरीला रोग एकाच बाजूच्या पापुद्र्यावर असतो. दुसरीला फुप्फुसात किंवा छाती-पोटामधल्या पडद्यात शिरतो, जवळच्या गाठी धरतो. तिसरीला बरगड्यांच्या भिंतीत, हृदयाच्या पिशवीपर्यंत, लांबच्या गाठींत. चौथीला पडदा ओलांडून पोटात, नाहीतर पलीकडच्या छातीत, हाडांत. मी म्हणालो, "म्हणजे पायपावरून भिंतीवर, आणि भिंतीतून शेजारच्या खोलीत." त्या म्हणाल्या, "तसंच. दगूभाऊंचं भिंतीत गेलंय. तिसरीच्या शेवटी आहेत, चौथी लांब नाही."

"पण पाणी तर कमी झालं होतं."

"पाणी कमी झालं नाही. पाण्याला जागाच उरली नाही. दोन्ही पापुद्रे जाड होऊन एकमेकांना चिकटले. म्हणून ती बाजू आवळली, खांदा उतरला."

आळीभर पेढे कशाचे वाटले ते मला तेव्हा कळलं.

ऑपरेशन होण्यापलीकडे गेलं होतं. मी विचारलं, "मी पहिल्याच दिवशी खरं काम सांगितलं असतं तर वाचला असता का?"

बाईंनी पेनाला टोपण लावलं. "खरं सांगू? बहुतेक नाही. तेव्हाही रोग पुढं गेलेलाच असणार. पण टीबीच्या गोळ्या खाव्या लागल्या नसत्या."

गोळ्या म्हटल्यावर मला तो लाल दोरा दिसला. "बाई, हे दुसऱ्याला लागतं का? पेल्याला, ताटाला, मूल मांडीवर घेतलं तर?"

"नाही. कशानंच नाही. त्यांना माणसांत ठेवा."

माझाही फोटो काढला त्यांनी. पापुद्र्यावर दोन ठिकाणी चुन्याचे डाग पडल्यासारखं दिसतं, पण ते कॅन्सर नाही. दरवर्षी फोटो काढतो, गादीखाली ठेवतो. आज ऐंशी ओलांडली. सगळे फोटो ओळीनं खिडकीला लावून बघितले तर डाग आहेत तिथंच आहेत. माझ्यासारखेच अडेल.

रोगाचं उरलेलं आधीच सांगून टाकतो, म्हणजे शेवटाला ते यायला नको. दगू त्यानंतर पाच महिने होता. बाईंनी जे जे सांगितलं ते त्या क्रमानं आलं, आणि मी पुढच्या स्टेशनाचं नाव माहीत असलेल्या उतारूसारखा बघत राहिलो. पाठीत जिथं सुई टोचली होती तिथं बोराएवढी गाठ वर आली. रोग सुईच्या वाटेनंही बाहेर येतो, हे त्या बोलल्या होत्या. मग घास लागेना, मनगटं माझ्या अंगठ्याएवढी झाली. आडवं पडता येईना. खुर्ची उलटी फिरवून, पाठीवर उशी ठेवून, तिला मिठी मारून झोपायचा. मग पोट फुगलं, आत पाणी. तेव्हा मला कळलं की शेजारच्या खोलीत गेलं. दुखणं बाईंच्या गोळ्यांनी बरंच आवरलं, ते एक उपकारच. संक्रांतीच्या आधी गेला. शेवटचे दोन दिवस श्वास मोजण्यासारखा. मी पायाशी बसून मोजला.

आता रिपोर्टाच्या दिवशीचं. नाशिकहून एसटीनं सिन्नरला उतरलो तेव्हा दिवस मावळत होता. दगूचं घर स्टँडपासून दहा मिनिटांवर. मी त्या आळीच्या तोंडापर्यंत गेलो आणि तिथून माझ्या घरी परतलो. रोग सांगायचं अवघड नव्हतं. मी फिटर सांगितलं होतं, हे सांगायचं अवघड होतं. त्या एका शब्दापायी त्यानं सहा महिने केशरी लघवी केली आणि नात उंबऱ्यावर बसली. रात्रभर मी मनात वाक्यं जुळवली. एकही धड जुळेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता मी दगूच्या घरी गेलो. तो खिडकीशी खुर्चीत बसला होता. पिंकी उंबऱ्यावर. तारावहिनींनी मला कपबशीत चहा दिला, दगूचा पेला लांबून पुढं सरकवला. जुळवलेली वाक्यं सगळी गेली. मी कपबशी खाली ठेवली, दगूच्या हातातला पेला घेतला आणि एक घोट प्यालो.

"भावजी!" वहिनी किंचाळल्या. "काय करता? त्यांचा हाय तो!"

"म्हणूनच," मी म्हणालो, आणि दुसरा घोट घेतला. "टीबी नाहीच, वहिनी. नव्हताच. लागण्यासारखं काहीच नाही. आपल्या कामाच्या धुळीचा कॅन्सर आहे, डॉक्टरांना आधी कळला नाही. मी त्यांना धूळ नाही म्हणून सांगितलं. फिटर सांगितलं. माझ्या गर्वापायी झालं हे."

कॅन्सर शब्द वहिनींनी ऐकला, पुढचं ऐकलं की नाही देव जाणे. दगू मात्र माझ्याकडे बघत होता. तेहतीस वर्षं बघायचा तसाच. पण या वेळी तो स्वतः बोलला, श्वास जुळवत, तुटक तुटक.

"तू सांगितलं... तवा मी तिथंच होतो ना. मला तोंड नव्हतं का?"

"मग बोलला का नाही?"

"मला बी... फिटर म्हटलेलं बरं वाटलं, रंगाभाऊ."

आणि हसला. हसताना खोकला आला, पण हसला.

माझ्या डोळ्यांत काय आलं ते लिहीत नाही. मी उंबऱ्याकडे बघून म्हणालो, "पिंके, ये आत. टीबीला गाडी मिळाली." पोरीनं आजीकडे बघितलं. आजीनं पदर तोंडाला लावलेला, तशीच मान हलवली. मग ती धावली नाही. हळूहळू आली आणि दगूच्या उजव्या गुडघ्याला हात लावून बघितला. गरम आहे का, असं बघतात तसा.

पेल्याचा लाल दोरा मी सोडायला बसलो. सहा महिने रोज पाण्यात भिजून गाठ आवळलेली, नख शिरेना. दोर गुंडाळण्यात जन्म गेला, आणि दोरा सुटेना. शेवटी दातानं तोडला. पेला राखेनं घासला, विसळला आणि फळीवर बाकीच्या पाच पेल्यांमध्ये पालथा घातला. थोड्या वेळानं वहिनींनी परत चहा टाकला. त्यांनी फळीकडे हात नेला आणि माझ्याकडे बघितलं, कुठला त्याचा म्हणून.

मी म्हणालो, "मला नाही ओळखू येत."